याले बारी नही?

एजंटाने पाठवलेला जहाजाचा नकाशा
मी भुसावळच्या आमच्या गच्चीवर पसरला,
उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर ठेवले
एक तांब्या, दोन चपला आणि मामंजींच्या चष्म्याचं घर.

माणसं बारा. खोल्या चार.
तिथे खोलीला केबिन म्हणतात, मजल्याला डेक,
असं प्रफुल्लभाऊजींनी पुण्याहून फोनवर सांगितलं.
पैसे तेच भरणार होते,
म्हणून आम्ही सगळे दोनदा हो म्हणालो.

मामंजी छत्तीस वर्षं रेल्वेत.
नकाशा एकवार डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं,
"साइड लोअर कुठीये?"

अंथरुणं आधीच पडली होती.
मे महिन्यात इथे रात्री दहालाही भिंती भाजतात,
कूलर खाली एकटाच घरघरतो
आणि घर सगळं वर.
कुणी कुठे निजायचं हे कुणी कधी ठरवलं नाही,
तरी चुकत नाही:
जिन्यापाशी मामंजी, त्यांना तीनदा उठावं लागतं.
टाकीच्या आडोशाला नवं जोडपं.
मध्ये तिन्ही पोरं, झोप जशी पाडेल तशी.
आमचे हे घोरतात, म्हणून रुळांच्या अंगाला,
तेवढाच मालगाडीचा वचक.
आणि कठड्याशी द्वारकाआत्या,
कुणाच्या शेजारी नाही,
कुणापासून लांबही नाही.

हे सगळं मला चौकोनांत बसवायचं होतं.

नव्या जोडप्याला गॅलरीची खोली.
यावर वाद झाला नाही, नुसतं खोकणं झालं.
मामंजी-सासूबाई लिफ्टजवळ, खिडकीवाल्या खोलीत.
पोरांना भिंतीतून खाली येणारे पलंग,
ते आत्तापासूनच त्यांवरून भांडून रडून मोकळे.
जाऊबाईंची खोली आणि आमची, मध्ये एक दार,
दोन्हीकडून कडी असलेलं.
असू दे दार, पोरांना बरं, जाऊबाई म्हणाल्या.
असू दे, मी म्हणाले.
दोघींनी मनातल्या मनात आपापली कडी लावून पाहिली.

अकरा बसले.
पेन्सिल हवेत राहिली.

"आत्याला आतली घेऊ," फोन म्हणाला,
"बिनखिडकीची, स्वस्त असते. निजायपुरती तर लागणार.
फक्त एकट्या माणसाला दोघांचे पैसे पडतात."

"दोघींचे भरता तं दुसरी कोन माह्यासंगे?"
आत्याने विचारलं, अगदी साधेपणाने.
मग वाकून त्या चौकोनावर बोट ठेवलं.
"याले बारी नही?"

यावलच्या वसतिगृहात बावीस वर्षं स्वयंपाक केला तिने,
निजायला धान्याची कोठी,
ज्वारीच्या पोत्यांमधली एक फट.
हे आम्हाला माहीत होतं,
तिखटमिठाचा डबा कुठे असतो ते माहीत असावं तसं.

"एवढं पानी पाह्याले जाचं," ती म्हणाली,
"अन् भिंत पाहाची?"

फोनमध्ये पंख्याचा आवाज येत राहिला.
सासूबाईंनी तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.
"ते निजीन माह्यापाशी.
यायले टाका पोरांत."

चाळीस वर्षांच्या संसाराला
एका वाक्यात बदली मिळाली.
मामंजी काही बोलले नाहीत,
चष्म्याचं घर उचललं,
नकाशाचा तो कोपरा फडफडायला लागला.

मी खोडरबराने इतकं खोडलं
की लिफ्टशेजारी कागदाला भोक पडलं.
तिथेच पुन्हा लिहिलं, भोकाच्या कडेकडेने, दोघींची नावं.

"रातचं दिसतं का पन पानी?" आत्या.
मला काय ठाऊक.
मी पाहिलेलं पाणी तापीचं,
आणि मे महिन्यात तेही विचारूनच पाहायचं.

सकाळी घडी घालताना दिसला
तिच्या बोटाचा तेलकट ठसा.
खोलीवर नव्हता, जहाजावरही नव्हता,
पार बाहेर, जिथे काहीच छापलेलं नव्हतं.

आणि हो, रात्री सगळे निजल्यावर
जिन्यापासून आवाज आला होता:
"पन लोअर मले."