वाटीतलं नाणं

सदतीस वर्षं भुसावळच्या बर्फाच्या कारखान्यात.
खाऱ्या पाण्याच्या हौदात पत्र्याचे साचे सोडायचे,
तिसऱ्या दिवशी आकड्याने वर ओढायचे.
साडेतीन मणांची लादी,
पोटात एक पांढरी रेघ, बाकी काच.
शेठ म्हणत, घाई केली की बर्फ दुधी होतो.
हळू गोठू द्या.
मी तेच धरून बसलो होतो.

रेवतीला आखाजीला सीताफळ हवं होतं.
आखाजीला! घरोघर आमरस असतो तेव्हा.
सुरतेच्या दवाखान्यात दिवाळीची सुट्टी तिला कधीच नसते,
आणि डोंगरातलं फळ काही तिच्या ड्यूटीचा तक्ता बघून पिकत नाही.
"पप्पा, मले आंबा नको," फोनवर एवढंच.

कार्तिकात हसीना तडवी पालहून पाटी घेऊन उतरली.
डोळे उघडलेली निवडून घेतली, बोटाला जेमतेम दबणारी.
पहिली दहा मी कारखान्याच्या हिशेबाने गोठवली:
एका डब्यात, गच्च भरून, सावकाश.
आठवड्याने उघडून पाहिलं तर
पाणी एकीकडे, गर एकीकडे,
पिळून ठेवलेल्या फडक्यासारखा.
"हे काय, लापशी केली का तुमी?" वत्सला म्हणाली.
मी एक बी तोंडात टाकली.
जीभ लावायच्या आतच ती नागडी झाली होती.

साठीनंतर मला बर्फ उलटा शिकावा लागला.
वेळ मिळाला की त्याला दात फुटतात.
गराच्या एकेका कळीत पाणी बसलेलं असतं, पातळ भिंतीआड;
सुस्त थंडीत त्याचे मोठाले खडे होतात
आणि आतल्या आत भिंती चिरत जातात.
गोठलेलं असेस्तोवर दिसत नाही काही.
वितळल्यावर कळतं.

मग आदल्या रात्रीच फ्रीजरचा काटा शेवटापर्यंत फिरवला.
लग्नात आलेली जर्मनची परात आत तापत, म्हणजे गारठत ठेवली.
बियांसकट कळ्या सुट्या केल्या,
वर चिमूट-चिमूट साखर, लिंबाचे चार थेंब,
एकीचा एकीला धक्का नाही, अशा एका थरात मांडल्या.
एका वेळी दोनच फळं.
सकाळी परातीत गोट्यांसारख्या खडखडल्या.
पिशवीत भरून हवा तोंडाने ओढून काढली, गाठ मारली.
वत्सला दारातून बघत होती,
म्हणाली, एवढं पोरीच्या बारशाला पण नव्हतं केलं.

आणि एक वाटी पाणी गोठवून
त्यावर एक रुपया ठेवला.
आपण नसताना वीज गेली, सगळं वितळून परत गोठलं,
तर नाणं तळाशी सापडेल.
मशीन खोटं बोलेल, नाणं नाही.

चैत्रात बऱ्हाणपूरला लग्नाला चार दिवस.
परतलो तर शेजारचे झोपे म्हणाले,
परवा रात्री डीपी जळाली होती, लाइट पहाटे आली.
चपला न काढता फ्रीजर उघडला.

रुपया वरही नव्हता, तळाशीही नव्हता.
एका कडेने बुडालेला,
तिरपा,
अर्धा अंक पाण्याबाहेर, म्हणजे बर्फाबाहेर.
ह्याचा अर्थ काय लावायचा
सदतीस वर्षांत मला कोणी शिकवलं नव्हतं.
"उघडीसन पाहा ना एकदाचं," वत्सला.
मी नाही पाहिलं.
दार लावलं. हात कितीतरी वेळ दारावरच राहिला.

आखाजीला रेवती आली, रात्रपाळीचे डोळे घेऊन.
दारात झोका बांधलेला, तिकडे बघितलंही नाही तिने.
बाहेर चव्वेचाळीस.
मी ताटली पुढे केली: कळ्या अर्धवट सुटलेल्या,
वर अजून दव.
पूर्ण विरघळू द्यायच्या नसतात.

तिने एक तोंडात टाकली.
माझं लक्ष ताटलीकडे, कान ताटलीकडे,
आता बी पडेल. टण वाजेल.

झोक्यावर शेजारच्या पोरी भांडत होत्या.
वत्सलाने पाण्याचा तांब्या ठेवला.

बी पडेना.
रेवतीच्या गालात ती इकडून तिकडे फिरत होती,
अजून सुटली नव्हती.