दहा आणे चांदी

पावडरच्या डब्याचं झाकण गंजून बसलेलं,
शेवटी पत्र्याच्या कात्रीने कापला.
अकरा कलदार निघाले,
चंदनाचा वास येणारे.
दहा दाढीवाले राजे, दाढीत पांढरी भुकटी,
आणि एक बोडका.

फ्रिजवरच्या चुंबकाला एकही चिकटला नाही.
भाचा म्हणाला, झालं की मग, खरेच.
मी एकतीस वर्षं सहकारी बँकेत रोखपाल.
पहिल्या परीक्षेत जे सहज पास होतं
त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघायचं असतं.

रविवार पेठ. बोहरी आळीत भांड्यांच्या दुकानामागे जिना,
जिन्याखाली मुकुंद उदावंतांचा काटा.
त्यांनी रेडिओ बंद केला. पंखा बंद केला.
बाहेर टेम्पो मागे येत होता,
तो जाईपर्यंत नुसते बसून राहिले.
मग एक रुपया बोटाच्या टोकावर तोलला
आणि दुसऱ्याने त्याला हलकेच टोकरलं.
नाद पार विरेपर्यंत त्यांची मान हलली नाही.
"खरा."
काट्यावर साडेअकराच्या जरा वर.
"थोडं कमी भरायलाच हवं, ताई.
शंभर वर्षं लोकांच्या हातांतून फिरून
ज्याचं काहीच झिजलं नाही
त्याला आधी उजेडात न्यावं."

दुसरा, तिसरा. बोडकाही खरा.
सातवा वाजला, आणि थोडा लवकर बसला,
बोलता बोलता कुणी पाणी प्यायला थांबावं तसा.
पुन्हा वाजवला.
वजन केलंच नाही.
भिंग डोळ्याला लावून कड फिरवत राहिले,
फिरवत राहिले, आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले,
"अगं, अण्णांचा आलाय."

आतून कुकरची शिट्टी फक्त.

"साच्यात कड नीट उतरत नाही," मला म्हणाले,
"ती कानशीने काढायची. एकेक रेघ.
उजव्या हाताची रेघ इकडे कलते.
ही बघा कुठे कललीय.
आमचे वडील डावखुरे.
रुपयात दहा आणे चांदी घालायचे.
सहा आण्यांत आम्ही सात माणसं जेवायचो.
फार काढले नाहीत, हाव नव्हती, असं आई सांगायची.
आई दुसरं काय सांगणार."

"पकडले गेले?"
"दम्याने गेले."

खणातून एक काडेपेटी काढली,
कापसात पाच रुपये, सगळे तिकडे कललेले.
"साठ वर्षांत एवढेच परत आले. हा मला द्या.
बदल्यात दोन खरे देतो, राणीछाप."

माझ्या खिडकीशी खोटी नोट आली की
मी शिक्का मारायचे, नोंदवहीत लिहायचे:
तारीख, क्रमांक, कुणाकडून.
समोरच्या माणसाचा घसा कोरडा पडलेला असायचा.
कुणाच्या हातची, असा रकाना नव्हता.

आणि बाबा पोस्टात.
कधीतरी हा रुपया त्यांनी खिडकीतून घेतला असेल,
संध्याकाळी हिशेब जुळवताना ओळखला असेल,
खिशातला दुसरा घातला असेल त्याच्या जागी.
पुढे कुणाच्या गळ्यात मारला नाही.
टाकूनही दिला नाही.
की ओळखलाच नाही?
विचारायला आता पावडरचा डबा, तोही कापलेला.

"दोन नको," मी म्हटलं, "रुपयाला रुपया द्या."
ते बघत राहिले, पारखी बघतो तसे,
मग राणीछाप एक पुढे सरकवला.
पंखा लावला. पावती लिहायला घेतली.
दहाच्या पुढे लिहिलं, तपासून परत.
एकच्या पुढे पेन बराच वेळ थांबलं,
मग लिहिलं, मिळाला.

उठता उठता मी म्हटलं,
एकदा वाजवा ना तो. नीट ऐकला नाही मी.

त्यांनी पंखा पुन्हा बंद केला.