दोर

गुदैबियाच्या खोलीत आम्ही चौघे,
आणि पाचवं लतीफभाईंचं घोरणं.
एसीच्याही वर चढायचं ते,
दाभोळच्या धक्क्याला लाँच लागावी तसं.
नऊ वर्षं.
मी उशी फेकली, शिबूने चप्पल,
यादगिरीने तर मोबाइलवर रेकॉर्ड करून
पगाराच्या रात्री त्यांनाच ऐकवलं.
सगळ्यात जास्त हसले तेच.

मध्येच ते थांबायचं.
गच्च शांतता.
"सुटलो," म्हणायचो आम्ही
आणि घाईघाईने झोपून घ्यायचो.

मग एका पहाटे वुजूला उठताना
उजवं अंग त्यांच्याबरोबर उठलंच नाही.

इस्पितळात डॉक्टरांनी झोपेचा आलेख दाखवला.
तासाला एक्केचाळीस वेळा श्वास बंद.
"हे झटक्याच्या आधीपासून होतं का?
घोरता घोरता थांबायचे का?
तुम्हीच सांगा, जवळ तुम्ही होतात."
शिबू फरशी बघत राहिला.
मी म्हटलं, "हो. थांबायचे."
आम्हाला बरं वाटायचं, हे नाही सांगितलं.

आता उशाशी यंत्र आहे, चपलांच्या खोक्याएवढं,
नाकावर रबरी मास्क, कानांमागून पट्टे.
एका हाताने ते लावता येत नाही,
पण काढता येतं.
पहिल्या आठवड्यात रोज ओरबाडून फेकला.
भाषेतला एकच शब्द उरलाय त्यांच्याकडे, बस.
चहाला बस, गोळीला बस,
व्हिडिओवर रडणाऱ्या बायकोलाही बस.

यंत्र शिकवायला आलेली बदरिया
मोडक्या हिंदीत म्हणाली,
माझे पणजोबा मोत्यांच्या बोटीवर होते.
बुडी मारणारे नव्हेत, वर दोर धरणारे.
खालचा नाकाला चिमटा लावून जायचा,
हिसका बसला की याने ओढायचं.
पाण्यात तो असायचा,
दम याचा कोंडायचा.
तेवढं बोलून तिने पट्टा दोन बोटं सैल केला
आणि दाढीतून हवा गळतेय, म्हणाली.

त्या संध्याकाळी लतीफभाईंनी
डाव्या हाताने कात्री माझ्याकडे सरकवली.
वीस वर्षांची दाढी. बारीक करताना
मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं नाही.

रात्रपाळी सोडली मी. चाळीस दिनार कमी.
शिबू यंत्रात घालायचं पाणी आणतो,
यादगिरी सकाळी आकडा वाचतो:
दोन तास. तीन तास दहा. पुन्हा एक.
काल पाच तास चाळीस मिनिटं.

आता खोलीत घोरणं नाही.
इतकी वर्षं मागितलेली शांतता मिळालीय
आणि तिघांनाही झोप नाही.
यंत्राची नळी माझ्या मनगटावरून जाते,
मुद्दाम तशी ठेवलीय.
ती थरथरते, थांबते,
मी उठून बसतो,
ती पुन्हा थरथरते.

सकाळी मास्क काढला की
गालांवर पट्ट्यांचे वळ.
आकडा ऐकून ते म्हणाले, "बस."
पुरे, की जवळ बस?
विचारलं नाही.
बसलो.