बिनघोड्याची

परवान्यावर माझ्या एकच बंदूक आहे,
वहीत मात्र एकशे पंधरा.
सगळ्या एकनळी, सगळ्या बिनघोड्याच्या.
खडकीच्या कारखान्यात तेहतीस वर्षं
सरकारची काडतुसं मोजून निवृत्त झालो,
तेव्हापासून दर गुरुवारी कॅम्पात,
तय्यबभाईंच्या दुकानात, मागच्या बाकावर.
विकायला आलेली, दुरुस्तीला आलेली,
निवडणुकीपुरती जमा झालेली,
जी येईल ती हातात घेतो,
वहीत उतरवतो, परत देतो.
संग्रह म्हणजे एवढाच.

ओळखायची कशी, ते आधी सांगतो.
वरचं नाव वाचू नये. नाव कुणीही कोरतं.
पुढचं लाकूड काढावं, नळी सोडवावी,
उलटी करून उजेडात धरावी.
खरे शिक्के पोटाशी असतात.
मुकुट दिसला तर बहुधा विलायत,
लंबगोलात अक्षरं दिसली तर बेल्जम,
काहीच दिसलं नाही तर घाई करू नये,
कानशीनं पुसलेलं बोटाला कळतं.
आकडा तीन जागी शोधावा:
नळीवर, सांगाड्यावर, लाकडाखालच्या लोखंडावर.
तिन्ही जुळले तर संसार पहिलाच.
मग नळी दोऱ्याला टांगून एक टिचकी.
घंटेसारखी घुमली तर ठीक,
मडक्यासारखी वाजली तर ती भिंतीवरच बरी.

आणि बिनघोड्याची म्हणजे घोडा नसलेली नव्हे.
नव्या पोरांना हे पटता पटत नाही.
घोडा असतो, आत असतो.
बंदूक मोडून उघडली की आपोआप चढतो,
आणि मिटल्यावर बाहेरून काही नाही,
कपाळावर एक आठीसुद्धा नाही.
एखाद्या कारागिराला याची काळजी वाटली असेल,
तर त्यानं मानेवर खिळा ठेवलेला असतो,
तांदळाएवढा.
खिळा वर आला, की समजावं आत ताण आहे.

मागच्या चैत्रात पौडहून हौसाबाई ढमाले आल्या.
बंदूक सतरंजीत, पोलीस ठाण्याचं पत्र पिशवीत.
मालक वारले, वारस नको म्हणतात, जमा करून घ्या.
मी सवयीनं, उघडण्याआधी,
मानेवरून अंगठा फिरवला.
खिळा वर होता.

"भरलेली हाय का?" तय्यबभाई त्यांच्याच बोलीत.
"न्हाई. काडतूस म्या काढलं व्हतं.
एक्क्याण्णव साली. बांधावरनं भांडान झालं त्या रातीला.
ह्यांचा जरा डोळा लागला, तवा काढलं,
न् उकिरड्यात पुरलं.
पहाटं हे उठलं, ही घेऊन दिराच्या दारात गेलं,
आन् आलं माघारी.
बोललं न्हाईत. मरंस्तोवर न्हाईत.
दीरबी न्हाई."

मी उघडली. नळी रिकामी,
आत कोळ्याच्या जाळ्याचा एक पडदा.

म्हणालो, बाई, तुम्ही काडतूस काढलंत
तेव्हा घोडा चढला. तो आजपर्यंत चढलेलाच होता.
चाप ओढला असता, तर उतरला असता.

"म्हंजी वढला न्हाई?"
"दिसतंय तसं."

त्या सतरंजीची घडी घालू लागल्या.
घातली, मोडली, पुन्हा घातली.
मग पावतीवर अंगठा नाही, सही केली,
प्रत्येक अक्षर वेगळं, शाळेतल्यासारखं,
आणि पौडची बस किती वाजता, ते विचारलं.

जे मी सांगितलं नाही, ते असं:
चाप ओढून, नुसती टिक ऐकून,
कुणी बंदूक मोडून आत पाहिलं असेल
काडतूस गेलं कुठे म्हणून,
तर घोडा पुन्हा चढतो.
पुन्हा तसाच. खिळा वर.
तय्यबभाईंना हे माझ्याआधीपासून ठाऊक आहे.
ते पावतीला कार्बन लावत होते.
मान वर केली नाही त्यांनी.

वहीतली शेवटची नोंद:
एकशे पंधरा. बारा बोअर, बेल्जम.
तिन्ही आकडे जुळतात. नळीचा नाद स्वच्छ.
खोटं काडतूस घालून घोडा उतरवला.