पांढरी पूड

साडेतीनला कुपीच्या तळाशी बसले
सुयांसारखे बारीक स्फटिक.
घमेलंभर कोकोच्या टरफलांतून
चमचाभरही नाही.
थिओब्रोमिन, मुल्लाणी सर म्हणाले,
नावात ब्रोमिन आहे, पदार्थात नाही.
अर्थ : देवांचं अन्न.
आणि चाखायचं नाही हं, घरीही न्यायचं नाही.
मी वहीत लिहिलं :
रंग पांढरा. चव कडू (पुस्तकावरून).

पांढरी तर ती वाळूही होती.
शिरोलीच्या फाउंड्रीत, साच्यांच्या खात्यात,
सत्तावीस वर्षं आप्पांसोबत घरी यायची,
बनियनच्या शिवणीत, कानामागे,
डब्याच्या झाकणाच्या रबरात.
परवा डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली
तर बरगड्यांच्या आतही,
चांदणं पडल्यासारखी.

वाचलंय मी सगळं.
हे संयुग मानेतून उतरणाऱ्या एका लांब नसेला
जरा दम धर म्हणतं,
श्वासनळीचे आवळलेले स्नायू सैल सोडतं,
काळजाला किंचित पळवतं.
काही चाचण्यांत खोकला थांबला,
काहींत फारसा नाही.
वाळूबद्दल
एकाही निबंधात ओळ नाही.

कुपी कॉलेजातच राहिली.
लक्ष्मीपुरीतून मी कोकोची पुडी आणली, बिनसाखरेची.
आई गूळ फोडायला बसली, मी नको म्हटलं,
तिनं तरी खडा टाकलाच.
आप्पांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं :
"द्येवाचं खाणं म्हंतीस, आन् ह्ये असलं?
द्येव बी फाउंड्रीतच हाईत म्हणायचं."

भुऱ्या उंबऱ्यावर शेपूट आपटत होता.
त्याला नको! मी ओरडले,
कुत्र्याच्या अंगातून ते लवकर उतरत नाही, विष होतं.
आप्पांनी कप उंच धरला,
एकदा कपाकडे बघितलं, एकदा भुऱ्याकडे,
आणि त्याला भाकरीचा तुकडा टाकला.

रात्री दीडला मला जाग आली.
काहीच ऐकू येत नव्हतं.
आईही उठून बसलेली.
आम्ही दोघी अंधारात, न बोलता,
त्यांच्या चादरीकडे बघत राहिलो,
वर होते का.

झाली.

मग बाहेर भुऱ्या कशावर तरी भुंकला
आणि आप्पा झोपेतच खोकले, एकदा.
"बरं," आई म्हणाली,
कुणाला ते कळलं नाही,
आणि आडवी झाली.