दोन नळ

शेफील्डमधल्या या भाड्याच्या घरात
बेसिनला नळ दोन, एकमेकांशी न बोलणारे.
डावा भाजतो, उजवा गारठवतो.
कोमट हवं तर ओंजळीत आपलं आपण करायचं.

मस्कतला, रुवीत, चौथ्या मजल्यावर
मे ते सप्टेंबर सगळं उलटं.
गच्चीवरच्या टाकीत पाणी दिवसभर तापत राही,
म्हणून आई गीझर बंद ठेवायची
आणि गार पाण्यासाठी आम्ही
लाल खुणेचा नळ सोडायचो.
इथे कुणाला सांगितलं तर हसतात,
मग हवामानाबद्दल बोलू लागतात.

बाबा समुद्राचं मीठ काढायच्या कारखान्यात स्टोअरकीपर.
त्यांचं नाव कंपनीच्या कागदावर,
आमची नावं त्यांच्या नावाखाली.
अठरा पूर्ण झाली आणि माझं तेवढं गळालं.
इद्रिस सुदानला गेला, मी इकडे.
उड्डाणपुलाखालचा आमचा फुटबॉल
कुणी नेला, ते अजून ठरलेलं नाही.

अरबीच्या तासाला उस्ताद शौकी म्हणायचे,
तुझा 'ऐन' घशातून येत नाही, नाकातून येतो.
पस्तीस मार्क. काठावर.

काल प्लंबर आला, नबील.
पणजोबा येमेनहून पोलादाच्या भट्टीवर आलेले.
हा इथलाच, बोलणं अस्सल यॉर्कशरी.
हत्यारांच्या पत्र्याच्या पेटीवर
खिळ्याने कोरलेल्या दोन ओळी.
"म्हाताऱ्याची पेटी," म्हणाला,
"काय लिहिलंय कुणास ठाऊक."

मी बोट ठेवलं. उजवीकडून डावीकडे.
अडखळत, नाकातून:
ही पेटी सालेहची.
नेलीत तर परत आणून ठेवा.

तो पान्हा हातात धरून तसाच बसला.
मग म्हणाला, "तू कुठला रे?"
चिपळूणचा, म्हणालो मी,
जिथे आयुष्यात मोजून अकरा सुट्ट्या राहिलोय.
त्यानेही मान डोलावली,
चिपळूण म्हणजे रुवीच्या पलीकडचं एखादं गाव असावं तशी.

वायसर बदलला, वीस पौंड घेतले.
दोन्हींचा मिळून एक नळ बसवू का, विचारलं.
राहू दे, म्हणालो.

रात्री तोंड धुताना
गार पाण्यासाठी हात डावीकडे गेला
आणि भाजला.
वर्षभर जात नाही तसा.
फक्त जुलैत.