कळ

लिलावात घेतलेलं हे धूड,
फौजेच्या हिरव्या रंगाचं, पोटावर पांढरा नंबर.
स्टार्टला बोट दाबून धरलं की गुरगुरतं,
सोडलं की तीन मोजेपर्यंत मरतं.
दाबून धर, जिवंत.
सोड, खलास.
रेयो म्हणाला, कडेवर घ्यायचं पोर आहे हे,
खाली ठेवलं की श्वास कोंडून धरतं.

बाहेर दोन दिवस बर्फ पावसासारखा पडून झाडांना चिकटलेला,
बर्च कमरेत वाकून रस्ता चाटताहेत,
विजेच्या तारा शेजाऱ्याच्या कुंपणावर.
आत टाक्यांमध्ये ट्राउटची चाळीस हजार पिल्लं,
नखाएवढी,
पंपाच्या बुडबुड्यांवर जगणारी.
पंप थांबलेला.
मी बादलीनं पाणी उचलून त्याच टाकीत उंचावरून ओततेय,
हवा मिसळावी म्हणून.
असं किती वेळ?

पेटीचं झाकण उघडलं तर चिमूटभर वाळू
माझ्या बुटावर पडली, पिवळी, पिठासारखी.
सुपीरिअरच्या काठावर वाढलेय मी,
आमची वाळू अशी नसते.
झाकणाच्या आत पेन्सिलनं कुणीतरी लिहिलेलं:
तेलाचा स्विच खोटारडा.
खाली बाण. सही नाही.

आणि लाल टोपणाखाली आणखी एक कळ,
लढाईची.
ती वर केली की सगळे रखवालदार आंधळे.
तेल संपो, डोकं तापो,
इंजिनाचा कोळसा होवो, दिवा विझता कामा नये.
ज्यानं ही बसवली
त्यानं यंत्राहून महाग धरलं होतं काहीतरी,
निदान एक रात्र.

मी वर केली.

मग रेयो हुलक्को उलट्या बादलीवर बसला,
जादाचं गेज जोडून,
डोळा काट्यावर, हात इंधनाच्या दांडीवर.
काटा पडला की ओढायची.
रात्रभर आमचा सेफ्टी स्विच तोच होता:
वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे बदललेले,
दर तासाला लघवीला जाणारा.
तेवढ्यापुरती मी बसायची.
जरा कळ काढ, म्हणायचा, आलोच.

काटा चाळीसवर, खिळा ठोकल्यासारखा.
म्हणजे तेल आहे.
म्हणजे पेन्सिलवाला खरा.

पहाटे चारला रेयोच्या मेलेल्या ट्रॅक्टरवरून
दुसरा स्विच काढून आणला,
इंजिन थांबवून बसवला, बोटं बधिर, एक वॉशर बर्फात हरवला.
लाल टोपण खाली. स्टार्ट. बोट सोडलं.
एक.
दोन.
तीन.
मेलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी.

मग वायर धरून मागे मागे गेले,
टेस्ट लॅम्प दातात, टाकीपाशी रेयो बादल्या ओततोय,
प्रत्येक बादलीला एक फिनिश शिवी.
फायरवॉलमागे एक गोल प्लग,
त्याच्या सहा पिनांतली एक हिरवी,
कल्हई उडालेल्या पितळेत ताक कळकावं तशी कळकलेली.
एवढंच.
स्विच खरं तेच सांगत होता,
वाटेत कुणी ऐकत नव्हतं.

चाकूच्या टोकानं खरवडली, जुन्या टूथब्रशनं पुसली.
जुना स्विच परत बसवला.
लोखंडाची माफी कशी मागतात ठाऊक नाही,
आटे तेवढे नीट साफ केले.
पेन्सिलची ओळ पुसली नाही.
वाळूच्या त्या गावात, त्या रात्री
तो कुठवर वायर धरून मागे जाणार होता?

बोट सोडलं.
तीन. चार. अकरा.
पंप बुडबुडायला लागले.
रेयोनं थर्मासमधली शेवटची कॉफी झाकणात ओतली,
भिंतीला टेकला, डोळे मिटले.

आणि मी हात घालून
स्विचची वायर ओढून काढली.

इंजिन तिथल्या तिथे थांबलं.
छपरावरून बर्फ घसरल्याचं ऐकू आलं.

काय झालं? रेयो ओरडला, कॉफी मांडीवर.
काही नाही, म्हटलं,
बंद पडलं.
माझं हसू काही केल्या थांबेना.

मग वायर लावली,
आणि स्टार्टला पुन्हा बोट.